दही लागेल अशी गाडी

गाडी कशी चालते हे ड्रायव्हरला विचारू नये, मालाला विचारावं, असं माझ्या घरमालकीण काकूंचं मत होतं. "डायवर तं स्टेरिंगले धरून बसते. त्याले काय समजते? मालाले इचारा."

माल म्हणजे सोयाबीनची पोती, हळद, संत्र्यांचे क्रेट, लग्नाच्या खुर्च्या, कधी एखादी गाभण म्हैस. काकू खरोखरच विचारत. त्यांची पांढरी पिकअप दारात येऊन थांबली की त्या मागचा फाळका उघडत, पोत्यांवरून हात फिरवत, क्रेटमधल्या सगळ्यात खालच्या थरातलं एखादं संत्रं काढून अंगठ्यानं दाबत. म्हैस असली तर तिच्या डोळ्यांत बघत. मग रशीदभाईंना सांगत, "डाव्या अंगानं मारून राह्यली गाडी."

रशीदभाई त्यांचे ड्रायव्हर. पन्नाशीचे, मेंदी लावलेली दाढी, शांत माणूस. ते म्हणायचे, "काकू, भैंसनं सांगितलं काय?"

"मंग कोन सांगन? तू?"

मी वाशिमची. शिकले इंग्रजी शाळेत, आणि नोकरी लागली तीही कामरगावातल्या एका लहानशा इंग्रजी शाळेत. खोली बघायला आले त्या दिवशी बसमध्ये मी उत्तरांची तयारी करत होते. गावात खोली मागताना पहिला प्रश्न आडनावाचा येतो. आडनाव सांगितलं की समोरच्या चेहऱ्यावर एक क्षणभर थांबण्याची जागा तयार होते, आणि त्यानंतर खोली बहुतेक वेळा नुकतीच कुणाला तरी दिलेली असते. आमच्या घरात बुद्धाच्या मूर्तीशेजारी बाबासाहेबांचा फोटो आहे, आणि माझ्या वडिलांनी ही जागा पुष्कळ चेहऱ्यांवर पाहिलेली आहे. मला मोजकं बोलायची सवय लागली ती बहुधा तिथूनच.

काकू ओसरीवर पाय पसरून बसल्या होत्या. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "दूध घेशीन का दही?"

मी गोंधळून म्हटलं, "दही."

"बरं झालं. दूध तं कोनीबी पेते." आणि किल्ली दिली. आडनाव त्यांनी त्यानंतरही कधी विचारलं नाही. माझ्या नावानं आलेल्या टपालावर त्यांनी ते वाचलं असेल, पण ओसरीवर काही बदललं नाही.

काकूंना गाडी चालवता येत नव्हती. क्लच कुठला आणि ब्रेक कुठला हेही ठाऊक नव्हतं. तरी गावातल्या प्रत्येक चारचाकीबद्दल त्यांचं मत तयार असे. आठवडी बाजारात जाताना उभ्या गाडीजवळून गेल्या की त्या थांबत, मागच्या कोपऱ्यावर दोन्ही हात ठेवून एकदा जोर देत आणि सोडत. गाडी एकदाच वर येऊन थांबली तर पुढे चालू लागत. दोन-तीनदा हलली तर मोठ्यानं म्हणत, "गेला!" म्हणजे शॉकअप गेला. एकदा नवरदेवाच्या फुलांनी सजवलेल्या गाडीला त्यांनी असं दाबलं. फुलं हलली, आत बसलेला नवरदेव हलला, आणि वरातीसमोर काकूंचा निकाल ऐकू आला, "गेला!" नवरदेवाची आई धावून आली. "काय वं बाई, शुभ बोलावं माणसानं!" काकू म्हणाल्या, "शुभच बोलून राह्यली. पोरगी पहिल्यांदा घरी येऊन राह्यली तुह्या. आदळत आणशीन काय तिले?"

आमच्या मुख्याध्यापकांची गाडीही त्यांनी अशीच तपासली. मी तेव्हा त्यांच्यासोबत होते आणि झाडामागे उभी राहिले.

हे ज्ञान त्यांना कुठून आलं हे मी एकदाच विचारलं. त्या तूर निवडत होत्या. म्हणाल्या, "पुढची सीट माणसाइची. बाया मागं हौद्यात. पहिले बैलगाडीत, मंग टॅक्टरच्या टालीत, मंग पिकपमंदी. जनमभर मागं बसली मी. म्हून मले गाडी मागूनच ठाव."

मालाला विचारा याचा अर्थ मला तेव्हा थोडा कळला.

तिथे काढलेला सगळा काळ मला आठवतो तो एका उन्हाळ्यासारखा, आणि तो उन्हाळा आठवतो तो एकाच गोष्टीभोवती फिरणारा. काकूंना त्यांच्या अक्काला घरी आणायचं होतं.

अक्का म्हणजे त्यांची मोठी बहीण. पोहरादेवीजवळच्या एका खेड्यात राहायची. अक्काचं लग्न झालं तेव्हा काकू एवढ्याशा होत्या, आणि त्या अक्काच्या खाचरात, म्हणजे छोट्या बैलगाडीत, जाऊन बसल्या त्या उतरल्याच नाहीत. बहिणीबरोबर सासरी गेल्या आणि कितीतरी दिवस तिथेच राहिल्या. ही गोष्ट त्या दर आठवड्याला सांगत आणि प्रत्येक वेळी खाचराला जुंपलेल्या बैलांचा रंग बदलत असे.

त्या वर्षी अक्का पायरीवरून पडली. पाठीच्या मणक्याचं ऑपरेशन अकोल्याला झालं. ते बरं झालं, पण घरी परत येतानाच्या प्रवासात रस्त्यानं तिला इतकं हाणलं की तिनं शपथ घेतली. मेले तरी चालेल, पण पुन्हा गाडीत बसणार नाही. इकडे तिच्या मुलाला पुण्याला नोकरी लागली. रामनवमीनंतर तो बायकामुलांना घेऊन जाणार होता. अक्का पुण्याला जायला तयार नव्हती आणि कामरगावलाही. प्रश्न कुठे जायचं हा नव्हता, कशातून जायचं हा होता. ती न हलली तर त्या घरात एकटी पडून राहणार होती, शेजारणीच्या भरवशावर.

डॉक्टर म्हणाले होते, हलवायला हरकत नाही, पण धक्के नकोत.

काकूंनी एवढंच वाक्य धरलं. आणि नेमके तेव्हा पिकअपचे मागचे दोन्ही शॉकअप तेल गाळायला लागले होते. त्यांना त्यात काहीतरी संकेत दिसला असावा. त्यांनी जाहीर केलं, "माह्या अक्काले झोक्यात घालून आणतो का नाही पाय."

कारंजाला स्पेअर पार्टच्या दुकानात त्या मला घेऊन गेल्या. "तुले इंग्रजी येते. डब्ब्यावर काय लिहेल हाय ते वाचजो." दुकानात सगळे पुरुष होते. मी दारातल्या टायरांच्या चळतीजवळ उभी राहिले. काकू थेट काउंटरपाशी गेल्या.

दुकानदारांनी दोन जोड्या काढल्या. "हा गॅसचा. हेवी ड्यूटी. डबल माल टाका, दबनार नाही. अन् हा साधा, तेलाचा. कंपनीचाच."

"दबनार नाही तं मंग कायले घेऊ? मले दबनाराच पायजे."

"काकू, मालाची गाडी हाय ना?"

"माल नाजूक हाय."

"काय, काच?"

"बहीण."

दुकानदारांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना वाटलं असावं, मीच ती बहीण. मी डबा हातात घेऊन वाचायला लागले. सर्व प्रकारच्या वजनात आरामदायी प्रवास, असं काहीतरी त्यावर लिहिलं होतं. मी ते मराठीत सांगितलं. काकू म्हणाल्या, "असंच लिहेल असते."

मग त्यांनी शॉकअप जमिनीवर उभा धरला आणि पोट त्याच्यावर टेकवून अंगाचा सगळा भार दिला. दांडा हळूहळू आत गेला. सोडल्यावर गॅसचा शॉकअप आपोआप वर आला, गुपचूप, पण ठामपणे. तेलाचा दाबला तो तिथेच राहिला. ओढला तर सावकाश वर आला. दुकानातली गिऱ्हाइकं हे बघत उभी होती.

"हा रागीट हाय," काकू गॅसच्या शॉकअपकडे बोट दाखवून म्हणाल्या. "दाबलं का उठून राह्यला. अन् हा समजदार. म्हनते, दाबलं ना, असू दे." मग माझ्याकडे वळून सगळ्यांसमोर म्हणाल्या, "हे पोरगी तेलाची हाय."

दुकान हसलं. मला ते दोन दिवस बोचत राहिलं. नंतर मला वाटलं, इतक्या नीट माझ्याकडे त्या गावात दुसरं कुणी पाहिलं नव्हतं.

तरी पहिल्यांदा आला तो रागीटच, कारण रशीदभाईंचा आग्रह होता. हेवी ड्यूटी म्हटल्यावर ड्रायव्हर लोकांचे डोळे चमकतात. "काकू, एक बार लावून तं पाहा." काकूंनी लावू दिला, पण परीक्षा त्यांची.

ती परीक्षा अशी. सकाळी गाडी माल घेऊन निघायच्या आधी काकू कोमट दुधाला विरजण लावत. तो डबा हौद्यात, मागच्या चाकांच्या बरोबर वर, फडक्याच्या चुंबळीवर ठेवत. "दही हललं का मोडते. न हलता बसलं तं लागते. अक्काची पाठ अन् दही, एकच हाय." गाडी दुपारी परत आली की झाकण उघडायचं. त्या उन्हात दही लागायला दुपारपर्यंतचा वेळ पुरत असे. कडेला पाणी सुटून मध्ये चुरा झाला असेल तर शॉकअप नापास. वाटी आडवी केली तरी हलणार नाही असं लागलं असेल तर पास.

आळीतल्या बायका ओसरीसमोरून जाताना विचारू लागल्या, "काय वं, लागलं काय?"

"मोडलं."

"मंग आज बी कढी?"

त्या उन्हाळ्यात आम्ही फार कढी खाल्ली. रागीट शॉकअपच्या कढीला मीठ जास्त पडायचं, कारण ती करताना काकू बोलत असत. शेवटी एका गिट्टीवाल्याशी अदलाबदल करून ती जोडी त्यांनी घालवली. मग जुन्याच शॉकअपात एका मिस्त्रीकडून तेल भरून घेतलं. दही अर्धं लागलं, पण तेल पुन्हा गळलं. मग आला तो समजदार, तेलाचा.

एका रविवारी त्या मला म्हणाल्या, "चाल, तुले रस्ता दाखवतो." गाडीत हळदीची पोती होती, अर्धा हौदा भरलेला. उरलेल्या जागेत गोधडी अंथरली होती. काकू तिच्यावर उताण्या झोपल्या आणि मलाही झोपायला सांगितलं. मी आयुष्यात कधी चारचौघांत पाठ टेकली नव्हती. बसमध्येसुद्धा मी ताठ बसते. पण फाळका वर होता, कुणाला काही दिसणार नव्हतं. मी झोपले.

रस्ता खालून दिसतो तसा मी त्याआधी पाहिला नव्हता. म्हणजे रस्ता दिसतच नव्हता. वर आभाळ, त्यात विजेच्या तारा खाली येत आणि पुन्हा वर जात, जणू कुणी सावकाश श्वास घेत आहे. कडुनिंबाचे शेंडे येऊन डोळ्यांवरून जात. हळदीचा वास, गरम ताडपत्रीचा वास. गाडीचा आवाज पाठीत शिरून कानांपर्यंत येत होता. काकू म्हणाल्या, "डोये मीट. आता सांग, कुठं आली?"

"माहीत नाही, काकू."

"हे पाय, आता नाला. उतरली... चढली. आता दोन बारके गड्डे, हे शायेपुढचे. आता निरा पाण्यावानी रस्ता, नवा केला तो. आता मारन एक, धर." आणि खरंच एक बसला, पण लांबून, गादीच्या खालच्या गादीत बसावा तसा. "समजदार," काकू पुटपुटल्या. मग त्यांनीही डोळे मिटले. मला वाटलं झोपल्या. पण डोळे मिटूनच त्या म्हणाल्या, "अक्काले असंच आणीन. तिले वाटन, खाचरातच हाय."

मला तेव्हा डोळा लागला असावा. मला एवढंच आठवतं की कुणीतरी माझ्या तोंडावर पदराची सावली धरली होती.

त्या दिवशी दही इतकं घट्ट लागलं की काकूंनी ते वाटीत उलटं करून आळीभर दाखवलं.

आता मी वाशिमला परत आले आहे, पलीकडच्या आळीतल्या शाळेत शिकवते. काकूंचा फोन येतो. "कशी हायेस वं तेलाची?" असं विचारतात आणि उत्तर ऐकायच्या आधी गाडीचं सांगायला लागतात. मी तिथे असताना त्यांचा एकही फोटो काढला नाही. डोळ्यांपुढे त्या येतात त्या नेहमी एकाच दिवसाच्या, अक्काला आणायला गेलो त्या दिवसाच्या.

रामनवमी होऊन गेली होती. पोहरादेवीची गर्दी ओसरत होती. सकाळी काकूंनी हौदा धुऊन घेतला, दोन गाद्या एकावर एक टाकल्या, वर ताडपत्रीचं छप्पर बांधलं. दह्याचा डबा त्यांनी या वेळीही ठेवला, पण रात्रीच घट्ट लागलेल्या दह्याचा. परीक्षेसाठी नाही, अक्काला दाखवायला. मला सुट्टी होती. "तू बी चाल. अक्काले दाखवतो माह्यी मास्तरीण."

आम्ही निघालो आणि थोड्याच वेळात मला काहीतरी वेगळं वाटायला लागलं. कामरगाव मागे पडलं तसा पहिला खड्डा आला आणि मी गादीवरून वर उडाले. काकूही उडाल्या. आम्ही एकमेकींकडे पाहिलं. दुसरा खड्डा आला. तिसरा. गाडी बिथरलेल्या वासरासारखी मागून उसळत होती. काकूंनी बाजूची कड धरली, मग सोडली, आणि गादीवर आडव्या झाल्या, जशी अक्का झोपणार होती तशा. कारंजाच्या पुढे त्यांनी टपावर हात मारून गाडी थांबवली.

"रशीद, काय करून राह्यला तू?"

रशीदभाई मागे आले. त्यांनी वाकून चाकांकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "काकू, गाडी खाली हाय."

"मंग?"

"खाली गाडी उडनच ना. हे स्प्रिंगचे पाटे टनभर मालासाठी बनवेल हाय. माल नसला तं ते दबतच नाही. शॉकअप काय करन बिचारा?"

"अन् आतापर्यंत?"

"आतापर्यंत रोज माल होता ना, काकू, जाताना बी, येताना बी. हळद होती, सोयाबीन होतं..."

कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. मालाला विचारत विचारत आम्ही सगळी परीक्षा मालासोबत घेतली होती, आणि आज गाडीत माल नव्हता. एक गादी होती आणि तिच्यावर झोपणार होती हाडांची मोळी झालेली म्हातारी. काकूंनी डब्याचं झाकण उघडलं. दही मोडलं होतं. त्यांनी झाकण लावलं आणि अक्काच्या दारापर्यंत डबा मांडीवर धरून बसल्या.

अक्काचं घर रिकामं होत आलं होतं. भांडी बांधलेली, भिंतीवर कॅलेंडरच्या जागी फिकट चौकोन. अक्का ओसरीवर खाटेवर होती. चेहरा काकूंचाच, पण आटलेला. तिनं गाडी पाहिली आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.

"मी नाही येत. ठेवा मले इथीच."

"अक्का, मले पाय तरी."

"तुले पायलं. गाडी बी पायली. मले ठाव हाय ते कशी हानते."

अक्काचा मुलगा काकूंना बाजूला घेऊन म्हणाला, "मावशी, जाऊ दे. शेजारची बाई दोन टाईम येऊन जाईल. मी पैसे पाठवत जाईन." तो वाईट मुलगा नव्हता. त्याची ट्रॅव्हल्स संध्याकाळी होती आणि तो सारखा फोनकडे बघत होता.

रशीदभाई म्हणाले, "रेती टाकू काय, काकू? पोती भरून?"

काकूंनी मान हलवली. "रेती उडते नाकातोंडात. अन् पोतं आदळते तं आवाज करते. भिईन ते." मग त्या उठल्या, पिकअपच्या मागच्या कोपऱ्यावर दोन्ही हात ठेवले आणि दाबलं. गाडी हललीसुद्धा नाही. तसेच हात टेकून त्यांनी फाट्याच्या रस्त्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "चाल रे रशीद. तू बी चाल वं."

पोहरादेवीच्या फाट्यावर घरी परतणारे यात्रेकरू बसची वाट बघत सावलीत बसले होते. काकू गाडीतून उतरून त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या. "कारंजा, कारंजा! भाडं नाही. बायाच पायजे!"

लोक उठले. काकूंनी हात आडवा केला. "थांबा. मी निवडीन." आणि त्या निवडायला लागल्या, जशी तूर निवडायच्या. "तू ये, बाई. तू बी ये. तू..." एका सडपातळ बाईला म्हणाल्या, "तू वाळकी हायेस, तुह्यानं काय होते?"

"घ्या ना, काकी. माह्याजोळ बॅग हाय, जड हाय."

"बॅग जड हाय? मंग ये."

एक भक्कम बंजारा आजी, हातभर पांढऱ्या बांगड्या घातलेल्या, कमरेवर हात ठेवून म्हणाली, "आमाले काय बकऱ्या समजली काय वं तू? वजन पाहून भरून राह्यली."

काकूंनी तिला सगळं सांगितलं. बहिणीची पाठ, पाटे, दही, सगळं, एका दमात. आजी ऐकत राहिली. मग तिनं मागे वळून आपल्यासोबतच्या बायकांना तिच्या बोलीत काहीतरी म्हटलं आणि त्या सगळ्या उठल्या. तिचा नवराही चढायला लागला, तेव्हा काकूंनी त्याला अडवलं. "माणसाइची सीट पुढं हाय."

आम्ही परत अक्काच्या दारी आलो तेव्हा हौद्यात दहा-बाराजणी दोन्ही कडांना पाठ लावून बसल्या होत्या. मधली गादी मोकळी होती. अक्कानं खाटेवरून त्यांच्याकडे पाहिलं, आणि या वेळी तोंड फिरवलं नाही. मुलानं आणि रशीदभाईंनी अक्काला चादरीत उचललं. ती रडत नव्हती, फक्त ओठ घट्ट मिटून होती. गादीवर ठेवताना तिनं हाताला आलं ते धरलं, आणि ते माझं मनगट होतं. मला कुणी धरलेलं आवडत नाही. मी हात काढला नाही.

"बोलाचं नाही अन् हलाचं नाही," काकूंनी सगळ्यांना बजावलं. "तुमी आज माल हाय."

"चला वं, मालाइनो," आजी म्हणाली. कुणीतरी फिस्सकन हसलं आणि गप्प झालं.

गाडी निघाली. पहिला खड्डा समोर दिसत होता. अक्काची बोटं माझ्या मनगटात रुतली. गाडी खाली गेली, थोडी थांबल्यासारखी झाली, आणि सावकाश वर आली. बायकांच्या माना एकदम डोलल्या, गव्हाचं शेत डोलतं तशा. एवढंच. अक्कानं डोळे उघडून छपराकडे पाहिलं. दुसरा खड्डा आला. पुन्हा माना डोलल्या. काकू बहिणीकडे बघत नव्हत्या. त्या ताडपत्रीच्या फटीतून बाहेर जाणाऱ्या तारांकडे बघत होत्या, आणि त्यांचे ओठ हलत होते. नाला, चढ, गड्डा. त्या रस्ता मोजत होत्या की आणखी काही, मला ठाऊक नाही.

पुढे कुठेतरी आजी गुणगुणायला लागली. बोलू नका म्हटलं होतं, पण ते बोलणं नव्हतं. शब्द मला कळत नव्हते. बाकीच्या दोघी-तिघींनी खालच्या आवाजात तो सूर धरला आणि तो गाडीच्या आवाजात मिसळून गेला. ऊन तिरपं झालं. सगळ्यांच्या अंगावर केशरी पट्टे पडून सरकत होते. आरशांचे कपडे घातलेल्या एका बाईच्या अंगावरून उजेडाचे ठिपके निघून छपरावर फिरत होते. अक्का ते ठिपके बघत होती. मग तिची बोटं एकेक करून सैल झाली.

कारंजा आलं. बसस्टँडसमोर रशीदभाईंनी गाडी हळू केली. इथे बायका उतरायच्या होत्या. मी काकूंकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा भीती दिसली. बायका उतरल्या तर गाडी पुन्हा रिकामी होणार होती, आणि अजून कामरगावपर्यंतचा रस्ता उरला होता. थांबा म्हणायचा हक्क त्यांना नव्हता.

आजीनं झोपलेल्या अक्काकडे पाहिलं. तिनं ओठांवर बोट ठेवलं आणि दुसऱ्या हातानं पुढे खूण केली. चल. अमरावतीची बस कामरगावलाही थांबते, असं ती नुसत्या ओठांनी म्हणाली. कुणीही उठलं नाही. वाळकी बाईसुद्धा बॅग मांडीवर घट्ट धरून बसून राहिली.

दिवेलागण होता होता आम्ही आमच्या आळीत शिरलो. ओसरीवर बायका वाट बघत उभ्या होत्या. कुणीतरी पाण्याचा तांब्या घेऊन पुढे आलं. गाडी हळू झाली, दार जवळ आलं. अक्काचं तोंड थोडं उघडं होतं आणि ती इतक्या गाढ झोपली होती की तिचा श्वास गाडीच्या डुलण्याबरोबर चालला होता. मुलगा म्हणाला होता, ऑपरेशनपासून तिला अशी झोप नाही.

काकूंनी टपावर दोनदा हात मारला. पण थांबायचा तो इशारा नव्हता.

"जाऊ दे रशीद," त्या केबिनच्या मागच्या खिडकीपाशी वाकून हलक्या आवाजात म्हणाल्या. "थांबू नोको. जाऊ दे पुढं."

तांब्या घेतलेली बाई तशीच उभी राहिली आणि आमचं घर, ओसरी, माझ्या खोलीचं दार, सगळं मागे सरकत गेलं. हौद्यातल्या कुणीही विचारलं नाही, कुठं चाललो. गावाबाहेर पडलो तसा वारा लागला. तेवढ्यात अक्कानं डोळे अर्धे उघडले आणि बहिणीला शोधलं.

"काहून वं," ती झोपेतच म्हणाली, "कवा निघाचं?"

काकूंनी तिच्या कपाळावर हात ठेवला.

"निघू ना, अक्का. नीज तू उलीशी."